बाटलेलं कणीस: पिकाचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतील, याचा अंदाज बांधायला शिका

परतूरकडच्या आमच्या शेतात मोठी माय धुऱ्यालगत पांढऱ्या गावरान मक्याच्या चार ओळी लावते. भाजून खायला तिला तोच लागतो. शेजारच्या वावरात पिवळा हायब्रीड मका असतो. एका वर्षी कणसं सोलली तर पांढऱ्या दाण्यांत मधूनमधून पिवळे दाणे निघाले. मोठी माय म्हणाली, "बाटलंय हे. बियाला ठिवू नको." बियाला ठेवू नये हे तिचं बरोबरच होतं. पण ते कणीस मी उचलून घेतलं, कारण नवख्या माणसाला आनुवंशिकता शिकवायला याहून सोपं साधन मला अजून सापडलेलं नाही. सूक्ष्मदर्शक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. दाणे मोजता आले की पुरे.

घरचं बी धरणाऱ्यांसाठी, परसात माळवं लावणाऱ्यांसाठी आणि लेकरांना विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. शाळेत मेंडेलचा धडा सगळ्यांनी वाचलेला असतो, परीक्षेत ३:१ लिहिलेलंही असतं. पण ते ३:१ आपल्या वावरात कुठं दिसतं, हे फार थोड्यांना कुणी दाखवलेलं असतं.

आधी लिहायची रीत

झाडातल्या प्रत्येक जनुकाच्या, म्हणजे एखादा गुण ठरवणाऱ्या आनुवंशिक सूचनेच्या, दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. आई म्हणजे जिच्या फुलात बी धरलं ते झाड, आणि बाप म्हणजे ज्याचा पराग त्या फुलावर पडला ते झाड. पुढच्या पिढीला देताना झाड या दोनपैकी एकच प्रत देतं. कुठली देणार, ते छापा-काट्यासारखं असतं. दोन्हींची शक्यता सारखी.

पाठ्यपुस्तकात यासाठी इंग्रजीतली मोठी आणि लहान अक्षरं वापरतात. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून मी गुणाचं पहिलं अक्षर घेते. मक्याच्या दाण्याचा पिवळा रंग देणारी प्रत 'पि', पांढरा देणारी 'पां'. मग जोड्या तीनच होऊ शकतात: पिपि, पिपां आणि पांपां.

पिपि दाणा पिवळा, पांपां पांढरा. पिपां दाणा पिवळाच दिसतो. म्हणून पिवळा रंग प्रभावी आणि पांढरा अप्रभावी. अप्रभावी म्हणजे कमी दर्जाचा असं नव्हे आणि नाहीसा झालेला असंही नव्हे. तो आत तसाच असतो, जोडीदार मिळाला की पुन्हा बाहेर येतो. स्वीट कॉर्नचा गोडवा अप्रभावी आहे, वाटाण्याचा सुरकुतलेला दाणाही अप्रभावी आहे, आणि बाजारात पैसे या दोन्हींना चांगले मिळतात.

इथं एक नियम पक्का करून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अप्रभावी गुण दिसला तर जोडी नक्की कळते, कारण पांढरा दाणा पांपांच असणार. प्रभावी गुण दिसला तर जोडी नक्की कळत नाही. पिवळा दाणा पिपि असेल किंवा पिपां असेल. नवख्यांचे बहुतेक अंदाज चुकतात ते इथंच, दिसतं तेच आत आहे असं धरून चालल्यामुळं.

चौकट मांडणे

१९०५ च्या सुमारास रेजिनाल्ड पनेट या इंग्रज शास्त्रज्ञानं ही चौकट रूढ केली. आईकडून काय काय मिळू शकतं ते वर लिहायचं, बापाकडून काय मिळू शकतं ते डाव्या बाजूला, आणि आतली घरं भरायची. पिपां झाडाचाच पराग त्याच्याच कणसावर पडला तर:

| | पि | पां |
|---|---|---|
| पि | पिपि | पिपां |
| पां | पिपां | पांपां |

चार घरांपैकी तीन पिवळी आणि एक पांढरं. हेच ते ३:१. पण नीट पाहा, तीन पिवळी घरं सारखी नाहीत. एक पिपि आणि दोन पिपां आहेत. म्हणजे दिसायला ३:१, आतून १:२:१.

आता पिपां झाडाचा संकर पांपां झाडाशी केला तर काय होईल ते स्वतः पाटीवर मांडा. अर्धे पिवळे, अर्धे पांढरे यायला हवेत. आले तर चौकट तुम्हाला समजली.

चौकट चार घरांची आहे म्हणून दर चार दाण्यांमागं एक पांढरा ठरलेला, असं नसतं. प्रत्येक दाणा आपलं नाणं नव्यानं उडवतो. एखाद्या घरात सलग चार मुली होतात, म्हणून जिल्ह्यातलं प्रमाण बदलत नाही, तसंच हे. अंदाज समूहाचा असतो, एका दाण्याचा नाही. म्हणूनच भरपूर दाणे असलेलं कणीस शिकायला चांगलं.

कणसाचा दोन वर्षांचा प्रयोग

पहिल्या वर्षी फक्त निवडायचं काम. पांढऱ्या कणसातले पिवळे दाणे वेगळे काढा. त्यांची जोडी काय असेल? आई पांढरी, म्हणजे पांपां. ती 'पां'शिवाय दुसरं काही देऊच शकत नाही. तरी दाणा पिवळा झाला, म्हणजे 'पि' बाहेरून, परागातून आला. म्हणून हा प्रत्येक पिवळा दाणा पिपांच आहे. अंदाज नव्हे, खात्री. आई माहीत असली की बाप कसा ओळखता येतो, ते या एका कणसावर दिसतं.

हे दाणे नीट निरखले तर शेजारच्या हायब्रीडच्या दाण्यापेक्षा थोडे फिकट दिसतील. दाण्यातला जो पिठूळ भाग आपण खातो, त्यात आईच्या दोन प्रती आणि बापाची एक, अशा तीन प्रती असतात. इथं दोन 'पां' आणि एकच 'पि' आहे, म्हणून रंग उतरतो. पुढच्या वर्षीच्या कणसावर पिवळ्याच्या दोन-तीन छटा दिसल्या तर गोंधळू नका. मोजताना सगळे पिवळे एकत्र धरा.

दुसऱ्या वर्षी यातले वीसेक दाणे पेरा. आता प्रत्येक झाडाचा स्वतःचा पराग त्याच्याच कणसावर पडेल अशी व्यवस्था करायची. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो, त्यामुळं हे आपोआप होत नाही.

कणीस पानाच्या बेचक्यातून डोकावलं की, केस बाहेर यायच्या आधीच, त्यावर कागदी पिशवी चढवा. एक केस दिसला तरी उशीर झाला असं समजा, कारण प्रत्येक केस एका दाण्याकडं जातो आणि उघडा केस कुणाचाही पराग घेतो. पिशवीच्या आत केस दोन-तीन बोटं वाढले की त्या संध्याकाळी त्याच झाडाच्या तुऱ्याला मोठी कागदी पिशवी बांधा. दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास, तुरा हलकेच वाकवून पिशवीतच झटका. पिवळी भुकटी जमेल. कणसावरची पिशवी काढा, भुकटी केसांवर पाडा आणि लगेच पिशवी पुन्हा घाला. हे अर्ध्या मिनिटात उरकायला हवं. पिशवी काढणीपर्यंत राहू द्या आणि तिच्यावर तारीख पेन्सिलीनं लिहा. शाई पहिल्याच सरीत धुऊन जाते. प्लास्टिकची पिशवी वापरू नका, आत वाफ धरते आणि पराग मरतो. पाच-सहा झाडांवर करा, म्हणजे दोन बिघडली तरी काम अडत नाही.

काढणी झाली की दाणे मोजा. समजा एका कणसावर ४०० दाणे भरले. चौकटीप्रमाणं ३०० पिवळे आणि १०० पांढरे हवेत. तुम्हाला ३१२ आणि ८८ मिळाले. चौकट चुकली का? यासाठी सोपा हिशेब आहे. प्रत्येक रंगाचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा आणि अपेक्षित आकड्यानं भागा. पिवळ्यात फरक १२, वर्ग १४४, भागिले ३००, उत्तर ०.४८. पांढऱ्यात फरक १२, वर्ग १४४, भागिले १००, उत्तर १.४४. बेरीज १.९२. दोनच प्रकार मोजत असाल तर ही बेरीज ३.८४ च्या आत असेपर्यंत फरक नशिबाचा म्हणून सोडून द्यायचा. त्याच्या पुढं गेली तर काहीतरी वेगळं घडलंय: परका पराग शिरला, मोजणी चुकली, किंवा मुळात एकाच जनुकाचं ते काम नव्हतं.

मेंडेलचे स्वतःचे आकडेही नेमके ३:१ नव्हते. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत त्यानं वाटाण्यावर सात-आठ वर्षं काम केलं आणि १८६६ मध्ये ते छापलं. दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल दाणे मिळाले आणि १,८५० सुरकुतलेले. भागून पाहा, २.९६ येतात. इतके दाणे मोजणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याच्या हयातीत या कामाची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९०० साली तिघा शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तेच नियम सापडले, तेव्हा जगाला त्याचा लेख आठवला.

पिवळा आतून कसला, ते ओळखणे

तुमच्या नव्या कणसावरचे पांढरे दाणे पांपां आहेत. आपापसांत लावले तर पुढं पांढरेच राहतील. पिवळ्यांपैकी सरासरी तीनांत एक पिपि आहे आणि दोन पिपां. कुठला कुठला, ते नुसतं बघून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी परीक्षा-संकर करतात: संशयित झाडाचा संकर अप्रभावी गुणाच्या झाडाशी करायचा. पिवळ्या दाण्यापासून झाड वाढवा आणि त्याचा पराग पांढऱ्या मक्याच्या झाकलेल्या कणसावर टाका. सगळे दाणे पिवळे आले तर ते झाड पिपि. अर्धे पांढरे आले तर पिपां.

मक्यात एका कणसात निकाल लागतो. जिथं एकेक रोप वाढवून पाहावं लागतं, तिथं किती रोपं पुरतील हा प्रश्न येतो. परीक्षा-संकरात झाड पिपांसारखं मिश्र असूनही सलग पाच रोपं प्रभावी निघण्याची शक्यता ३२ त १ असते. तेव्हा पाचांवर बऱ्यापैकी विश्वास ठेवायला हरकत नाही, सातांवर निर्धास्त. उलट बाजूनं, ३:१ च्या पिढीतून निदान एक अप्रभावी रोप मिळायला हवं असेल तर चार रोपं लावून भागत नाही. १०० त ९५ वेळा यश हवं असेल तर ११ लावावी लागतात. दोन अप्रभावी गुण एकाच रोपात हवे असतील तर ४७. रोपवाटिकेतली जागा या आकड्यांवरून ठरवा.

दाणा कुणाचा, फळ कुणाचं

आमच्याकडं हमखास ऐकू येणारी तक्रार: "ढोबळीच्या शेजारी तिखट मिरची लावली, त्यानं ढोबळी तिखट झाली." हे होत नाही, आणि का होत नाही ते समजलं की अर्धी आनुवंशिकता समजली.

मिरचीचं फळ, म्हणजे साल, गर आणि आतली पांढरी शीर, सगळं आईच्या शरीराचा भाग आहे. पराग कुठलाही पडो, फळ आईच्याच जोडीप्रमाणं बनतं. बापाचा वाटा फक्त बियांत असतो. म्हणून या वर्षीची ढोबळी ढोबळीच राहील. पण तिचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं, तर ज्या बियांत तिखट बापाचा पराग गेला त्यांच्या झाडांना तिखट मिरच्या येतील, कारण तिखटपणा प्रभावी आहे. लोकांनी पाहिलेलं खोटं नसतं, त्यांचं एक वर्ष चुकलेलं असतं.

मक्यात उलटं, कारण तिथं आपण बीच खातो. मक्याचा दाणा ही पुढची पिढी आहे, म्हणून बापाचा रंग त्याच वर्षी दिसतो. स्वीट कॉर्नच्या शेजारी साधा मका त्याच सुमारास तुऱ्यावर आला, तर त्याच हंगामात काही दाणे टपोरे पण पिठूळ निघतात, गोडी जाते. दोन्ही लावायचेच असतील तर पेरणीत असं अंतर ठेवा की तुरे एकाच वेळी येणार नाहीत.

वाटाण्याचा गोल की सुरकुतलेला आकार दाण्यातल्या डाळिंब्यांचा, म्हणजे पुढच्या पिढीचा. म्हणूनच मिश्र झाडाच्या एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. पण बियाच्या सालीचा रंग मात्र आईचा. कुठलाही गुण पाहताना आधी विचारा: मी बघतेय तो भाग कुठल्या पिढीचा आहे?

कपाशीत या प्रश्नाला मोठी किंमत आहे. बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी, आपल्याकडं २००२ पासून आली ती हायब्रीड रूपात. हायब्रीडच्या झाडावरचं पान, पात्या आणि बोंडाचं कवच त्या झाडाचं स्वतःचं. पण बोंडातली सरकी पुढच्या पिढीची. बीटीचं एखादं जनुक दोनपैकी एकाच पालकाकडून आलेलं असेल तर झाडात त्याची एकच प्रत असते, आणि चौकटीप्रमाणं सरकीच्या चारांतल्या एका दाण्यात ते नसतं. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात विषाची आणि बिनविषाची सरकी मिळाली, की अळीला सहन करायला शिकण्याची संधी मिळते. दोन्ही पालकांत ते जनुक असेल तर हा प्रश्न येत नाही.

गुलबक्षी: जिथं कुणीच प्रभावी नाही

हातानं संकर करायचा सराव गुलबक्षीवर करा. वाड्याच्या परसात, न्हाणीच्या पाण्यावर कुठंही ती उगवते, आणि एका फुलात एकच काळं बी धरते, त्यामुळं हिशेब चुकत नाही. एक गडद लाल किंवा राणी रंगाचं झाड घ्या आणि एक पांढरं. ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची फुलं असलेलं झाड सुरुवातीला घेऊ नका, त्याचा हिशेब वेगळा आहे.

फुलं संध्याकाळी उमलतात. दुपारी, कळी फुगलेली पण बंद असताना, नखानं हळूच उघडून सगळे पुंकेसर काढून टाका. मधला लांब स्त्रीकेसर मोडू देऊ नका. पातळ कापडाची चिंधी बांधा. संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या ताज्या फुलाचे पुंकेसर त्या टोकावर टेकवा, पुन्हा चिंधी बांधा आणि देठाला रंगीत दोरा गुंडाळा.

हे बी लावलं की गुलाबी फुलं येतात. लाल रंगाची प्रत 'ला' धरली, तर लापां ही जोडी ना लाल दिसते ना पांढरी. मधला रंग येतो. आता त्या गुलाबी झाडांचा पराग त्यांच्यावरच टाका: एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरं. चौकट तीच, १:२:१ सुद्धा तेच, पण इथं ते डोळ्यांना सरळ दिसतं. लपलेलं काहीच नाही.

याच गुलबक्षीत कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाला १९०९ मध्ये चौकटीबाहेरचं काहीतरी सापडलं. काही झाडांना पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांची पानं असतात. त्यांच्या बियांतून हिरवं रोप येणार की चट्टेदार की पूर्ण पांढरं, ते फक्त फूल कुठल्या फांदीवरचं होतं त्यावर ठरतं. पराग कुणाचा टाकला याला काही अर्थ नाही. पानाचा हिरवा रंग तयार करणारे हरितलवक स्वतःचं वेगळं आनुवंशिक द्रव्य बाळगतात आणि ते इथं आईकडूनच येतात. चट्टेदार पानांचं झाड दिसलं तर नक्की करून पाहा. पूर्ण पांढरी रोपं अन्न बनवू शकत नाहीत, थोड्या दिवसांत मरतात, हे लेकरांना आधीच सांगून ठेवा.

पपई: चौकटीनं पैसे वाचतात तिथं

पपईत आम्ही एकदा चांगलेच पोळलो. रोपं विकत आणली, खड्ड्यात एकेक लावली, ठिबक टाकलं, आणि फुलावर आल्यावर जवळजवळ निम्मी झाडं नर निघाली. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. तेव्हा चौकट माहीत असती तर खड्डे वाया गेले नसते.

पपईचं झाड मादी, नर किंवा उभयलिंगी असतं. मादीची जोडी मामा. नराची नमा, उभयलिंगी झाडाची उमा. 'न' आणि 'उ' यांपैकी कुठल्याही दोन प्रती एकत्र आल्या, म्हणजे नन, नउ किंवा उउ, तर तो गर्भ बीजातच मरतो. एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं निघतं.

वॉशिंग्टनसारख्या वाणात नर आणि मादी वेगळी झाडं असतात. मामा आणि नमा यांची चौकट मांडा: अर्धी मादी, अर्धी नर. एका खड्ड्यात एकच रोप लावलं तर १०० खड्ड्यांत सुमारे ५० नर, आमचं झालं तेच. तीन रोपं लावली तर तिन्ही नर निघण्याची शक्यता ½ × ½ × ½, म्हणजे आठात एक. १०० खड्ड्यांत १२-१३ खड्डे मादीविना. चार लावली तर सहाच्या आसपास. मी तीनच लावते. फुलं आली की खड्ड्यात एक चांगली मादी ठेवायची, बाकी उपटायची. परागासाठी दहा माद्यांमागं एक नर वावरात हवाच, तो त्या मादीविना खड्ड्यांतून आपोआप मिळतो.

तैवान ७८६ सारख्या वाणांत नर झाड निघत नाही, मादी आणि उभयलिंगी निघतात. उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्या परागानं धरलेल्या बियाचा हिशेब करा. उमा × उमा: उउ मेलं, उमा दोन, मामा एक. जगलेल्यांत दोन उभयलिंगी आणि एक मादी. बाजाराला उभयलिंगी झाडाचं लांबट फळ हवं असतं, मादीचं फळ गोल येतं. एका खड्ड्यात दोन रोपं लावली तर दोन्ही मादी निघण्याची शक्यता नवात एक, तीन लावली तर सत्तावीसात एक. बी मादी झाडावर धरलेलं असेल तर प्रमाण निम्मं-निम्मं होतं. म्हणून रोपवाटिकेत किंमत विचारण्याआधी विचारा: वाण कुठला, आणि बी कुठल्या झाडावर धरलेलं आहे?

हायब्रीडचं बी घरी धरलं तर

जालन्याच्या बियाणे बाजारात उभं राहिलं की सरळ वाण आणि हायब्रीड हे शब्द दर मिनिटाला कानावर पडतात. सरळ वाण म्हणजे बहुतेक सगळ्या जोड्या एकसारख्या: पिपि, गोगो, लाला. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या सरळ पालकांचा मुद्दाम केलेला संकर. शेकडो जागी मिश्र जोड्या. हायब्रीडची सगळी झाडं एकसारखी दिसतात, कारण सगळ्यांत त्याच मिश्र जोड्या असतात. त्यांचं बी धरलं की प्रत्येक मिश्र जोडी स्वतंत्रपणे फुटते, आणि पुढच्या वर्षी वावरात एक झाड उंच, एक बुटकं, एकाला आधी फूल, एकाला नंतर, असा प्रकार होतो. बी खराब नव्हतं. ते चौकटीप्रमाणंच वागलं.

सोयाबीन मात्र स्वतःच्याच परागावर बी धरतं आणि आपल्याकडं सरळ वाणच लावतात, म्हणून परभणीच्या विद्यापीठाच्या एमएयूएस-७१ सारख्या वाणाचं घरचं बी, उगवण तपासून, खुशाल वापरावं. तूर फसवी आहे. बदनापूरची बीडीएन-७११ सरळ वाण आहे, पण तुरीच्या फुलावर मधमाश्या बसतात आणि शेजारच्या वाणाचा पराग आणतात. बियाला तूर ठेवायची तर वावराच्या मधल्या भागातली ठेवा, धुऱ्यावरची नको.

हायब्रीडमधून स्वतःचं सरळ वाण काढायची हौस असेल तर धीर हवा. स्वतःच्याच परागावर ठेवलं तर मिश्र जोड्या दर पिढीला निम्म्या होतात: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, मग २५, १२.५, ६.२५. सहाव्या पिढीत तीनच्या आसपास. दरवर्षी निवड करत गेलात तर पाच-सहा हंगामांत बऱ्यापैकी एकसारखं पीक येतं. टोमॅटो, मिरची, भेंडीत हे जमतं. मक्यात इतक्या पिढ्या एकाच झाडाचा पराग ठेवला की झाडं खुजी आणि अशक्त होत जातात, घरी त्या वाटेला जाऊ नका.

दोन गुण एकदम, आणि जे चौकटीत बसत नाही ते

दोन गुणांसाठी सोळा घरांची चौकट भरायची गरज नाही. प्रत्येकाची वेगळी शक्यता काढा आणि गुणा. वाटाण्याच्या दाण्यात सुरकुतलेला आकार आणि हिरवा रंग अप्रभावी: सुरकुतलेला ¼, हिरवा ¼, दोन्ही एकत्र १/१६. मेंडेलच्या ५५६ दाण्यांत गोल-पिवळे ३१५, गोल-हिरवे १०८, सुरकुतलेले-पिवळे १०१ आणि सुरकुतलेले-हिरवे ३२ निघाले होते; १/१६ नं ३५ च्या आसपास हवे होते. ही रीत दोन जनुकं एकमेकांपासून स्वतंत्र असली तरच चालते. एकाच गुणसूत्रावर, म्हणजे जनुकं ओळीनं बसलेल्या एकाच धाग्यावर, अगदी शेजारी बसलेली असली तर ती बहुधा सोबतच उतरतात.

हरभऱ्यात पांढऱ्या फुलांच्या दोन वाणांच्या संकरातून गुलाबी फूल येऊ शकतं. रंग बनायला दोन वेगळी जनुकं लागतात, आणि एका पालकात एक नव्हतं, दुसऱ्यात दुसरं. संकरात दोन्ही भेटली. पुढच्या पिढीत ९ गुलाबी, ७ पांढरी अशी विभागणी होते.

उत्पादन, दाण्याचं वजन, ताण सोसण्याची ताकद, ही पुष्कळ जनुकांची आणि त्याहून जास्त जमीन-पाण्याची कामं आहेत. मराठवाड्यात पावसात महिनाभराचा खंड पडला की उंच वाणही गुडघ्याला येतं. ते झाड बुटक्या जोडीचं झालं असं नव्हे. एका झाडाचं भरघोस कणीस पाहून बी निवडू नका, ते पाटाजवळचं असू शकतं. चौकट रंग, आकार, लिंग, काही रोगांचा प्रतिकार यांना लावा.

रोगप्रतिकाराचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे परभणी क्रांती भेंडी. पुसा सावनी या वाणाचा जंगली जातीशी संकर करून, पुन्हा पुन्हा भेंडीशीच संकर करत, परभणीच्या कृषी विद्यापीठानं पिवळ्या शिरांच्या विषाणूरोगाला तोंड देणारं ते वाण काढलं. मूळ वाणाशी दर संकराला रानटी अंश निम्मा होतो: २५ टक्के, १२.५, ६.२५. हवा तो प्रतिकार राहिलाय की नाही, ते दर पिढीत रोगात उभं करून पाहावं लागतं.

चिठ्ठी

बी ठेवताना प्रत्येक पुडीत चिठ्ठी टाका. आई आधी लिहायची, बाप नंतर, मधे गुणिले. मग संकराची तारीख, पिढी, मोजलेले आकडे आणि तुमचा अंदाज. अंदाज मोजणीच्या आधी लिहायचा, नंतर लिहिला तर त्याचा उपयोग नाही. माझ्या डब्यातली एक चिठ्ठी अशी आहे:

"पांढरा गावरान × शेजारचा पिवळा. दाणे पिपां. स्वतःचा पराग, पिशवी बांधून. अंदाज ३:१. कणीस दोन: पिवळे २९१, पांढरे १०४. पांढरे मोठ्या मायला बियाला दिले."